गाडीखालची कोरडी जागा

पाळणाघरातून फोन आला तेव्हा मी गाजर किसत होते. यंदा जागा नाही, आता जानेवारीत बघू, असं पलीकडची बाई म्हणाली. पाव संपलेत असं सांगावं तितक्याच सहज. वर दिवस चांगला जावो म्हणाली. किसणीवर बोटाचं टोक गेलं. फार नाही, नखाशेजारची कातडी तेवढी. बोट तोंडात धरून मी रेन शहरातल्या आमच्या स्वयंपाकघरात उभी राहिले आणि समोरच्या इमारतीत एक माणूस गॅलरीत सायकल पुसत होता त्याच्याकडे बघत राहिले. आत लिझ झोपली होती, सात महिन्यांची, मुठी वर करून, कुणीतरी बंदूक रोखल्यासारखी. सप्टेंबरात मला कामावर परतायचं होतं. पुलांची गणितं करणारी आमची कचेरी. माझ्या टेबलावर तात्पुरती आलेली एक मुलगी तिथे कायमची बसायला एका पायावर तयार होती, आणि तिची गणितं चुकत नव्हती हे मला माहीत होतं. संध्याकाळी तांगीला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं. एक बूट काढून, एक पायात ठेवून तो म्हणाला, "आईबाबांना विचारू या का?" मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. फोन त्याच्या हातात होताच. काही माणसं प्रश्न विचारतात तेव्हा उत्तर आधीच खिशात घालून आलेली असतात.

म्हणून ऑगस्टच्या मध्याला मी आणि लिझ सासूसासऱ्यांच्या मोटरहोममध्ये. इव्हों आणि गिस्लेन. गाडीच्या पाठीवर ही दोन नावं चिकटवलेली आहेत, मध्ये एक बदाम, खाली फ्रान्सचा नकाशा, आणि जाऊन आलेले प्रांत रंगवलेले, लहान मुलांच्या वहीतल्यासारखे. त्यांना घर नाही असं नाही. फुजेरला दगडी घर आहे, मागे नासपतीची दोन झाडं आहेत; पण इव्हों निवृत्त झाला आणि दोघांनी घराच्या खिडक्या लावल्या त्या लावल्याच. बेत असा होता: सोमवारी त्यांनी लिझला घेऊन जायचं, शुक्रवारी परत आणून द्यायचं, आणि मधले दिवस तिनं या चाकांवरच्या खोक्यात किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंडायचं. "समुद्राची हवा," गिस्लेन म्हणाली, "आणि आजीआजोबा. आणखी काय लागतं पोराला?" माझी खात्री पटावी म्हणून आधी हा आठवडा. नमुन्याला दिलेल्या चीजच्या तुकड्यासारखा.

समुद्राची हवा. मी या आठवड्यात समुद्र पाहिला तो बहुतेक दोन मीटर उंचीवरच्या आडव्या दांड्याखालून. प्रत्येक गावानं समुद्राकडच्या वाहनतळावर हा दांडा बसवलाय, गाड्या आत जाव्यात आणि ही खोकी बाहेर राहावीत म्हणून. गावांना मी दोष देत नाही. मी सरपंच असते तर दांडा आणखी खाली घेतला असता. मग खोकी जातात गावामागे. कांकालला आम्ही दफनभूमीच्या भिंतीला लागून झोपलो, एर्कीला फुटबॉलच्या मैदानामागे, त्याच्या पुढच्या गावात सांडपाण्याच्या केंद्राशेजारी, वारा फिरला की गिस्लेन काच ओढून घ्यायची आणि म्हणायची, "शेवाळाचा वास." खाली उतरून गावात गेलं की तेच गाव पुन्हा. तीच पत्र्याच्या डब्यातली लोण्याची बिस्किटं, तेच निळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे सदरे, तोच लाकडी घोड्यांचा चक्राकार पाळणा, त्यात तीच रडणारी आणि उतरायला तयार नसलेली मुलं. आणि ही दोघं प्रत्येक गावात, "हे वेगळं आहे हां, याला स्वतःचं असं काहीतरी आहे." दुपारी परत खोक्यात येऊन डब्यातलं राजमा-सॉसेज गरम करून खायचं. ताजी मासळी नाही. किनाऱ्यानं महिनोन्महिने हिंडणारी ही माणसं मासळी शिजवत नाहीत, कारण उशांना वास राहतो.

आणि तो हात. समोरून दुसरं मोटरहोम आलं की हात वर करायचा, हा त्यांचा रिवाज आहे. इव्हों स्टिअरिंगवरून चार बोटं उचलतो, अंगठा तसाच. त्यानं नाही केला तर गिस्लेन करते. ऑगस्टमध्ये या रस्त्यावर खोक्यांची रांग असते. त्यामुळे पुढे बसलेली दोघं सतत हलणाऱ्या बाहुल्यांसारखी दिसतात. मी मागच्या बाकावर लिझच्या खुर्चीशेजारी बसून त्यांच्या मानांकडे बघत राहायचे. इव्होंची मान लाल, आडव्या रेघांची. एखाद्यानं उलट हात केला नाही तर ती मान ताठ व्हायची. "भाड्याची गाडी असणार," तो म्हणायचा. "नंबरच बघ ना, पॅरिसवाला," गिस्लेन म्हणायची, आणि दोघांचं समाधान व्हायचं. सबंध आयुष्य एका कारखान्यात कुलपं बनवून आणि एका शाळेच्या स्वयंपाकघरात वाढप करून या दोघांनी ज्या जगात जागा मिळवली, ते हे होतं. एकमेकांना हात करणाऱ्या पांढऱ्या खोक्यांचं. तांगी याच मानेच्या मागे बसून मोठा झाला आणि तरी त्याला पुस्तकं वाचायची सवय लागली, याचं मला कधीकधी नवल वाटतं. कधीकधी वाटत नाही. तोही फोन ठेवताना हवेत हात करतो.

निघण्यापूर्वी त्यांची एक आरती असते. मी तिला मनात आरतीच म्हणत असे. इव्हों पुढे बसून एकेक नाव उच्चारतो आणि गिस्लेन आत फिरून उत्तर देते. "गॅस?" "बंद." "छताची खिडकी?" "बंद." "फ्रिज?" "अडकवलाय." "पायरी?" "आत." "कप?" "कपाटात." या वर्षी तिच्यात एक नवं नाव वाढलं होतं. "पिल्लू?" "बांधलंय." मग इंजिन. पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. दुसऱ्या दिवशी मी ओठातल्या ओठात त्यांच्याबरोबर म्हणू लागले. तिसऱ्या दिवसापासून ते शब्द मला दात घासायच्या आवाजासारखे झाले, दुसऱ्याचे दात.

पण खरा मामला बाटलीचा होता. लिझ बाटली घेत नव्हती. तांगीकडून नाही, माझ्याकडून नाही, गिस्लेनकडून नाही. माझंच दूध काढून भरलेलं, मनगटावर थेंब टाकून पाहिलेलं, तरी ती रबराचं बोंड जिभेनं ढकलून द्यायची आणि माझ्याकडे अशी बघायची की मी तिला कुणा परक्याच्या हवाली केलंय. रोज सकाळी गिस्लेन हात धुऊन, केस पिनेनं मागे घेऊन, शस्त्रक्रियेला बसावं तशी बसे. "ये गं माझ्या बये. बघ, आजी काय देते." लिझ मान फिरवी. दुसरी बाजू. मान फिरवी. "हिचा बाप असाच होता," गिस्लेन म्हणायची, "पण मी तिसऱ्या महिन्यात कामावर गेले, मग घेतली मुकाट्यानं. पोटाला लागलं की घेतात." "ती घेणार नाही," मी म्हणायचे. "घेईल." "नाही घेणार, गिस्लेन. मी ओळखते तिला." मग मी लिझला उचलून ब्लाउजची बटणं काढायचे, आणि ती कशी बिलगायची, कशी गटागटा प्यायची, नाकानं श्वास टाकत. इव्हों लगेच बाहेर जाऊन टायर बघत बसायचा. गिस्लेन ते उरलेलं दूध ओतून बाटली धुवायची. मी तिच्या पाठीकडे बघायचे. मला कामावर जायचं होतं. दर रात्री मी मनातल्या मनात माझ्या टेबलावरचे कागद सारखे करत होते. आणि दर सकाळी लिझनं मान फिरवली की माझ्या छातीत काहीतरी ऊब पसरत होती, दूध येण्याच्या आधी येते तसली. बाटली घेतली नाही तर आठवडाभर राहणार कशी? राहणार नाही. मग मी जाणार कशी? जाणार नाही. यात माझा कुठे दोष?

त्यांची बडबड चुकवायला मी मागच्या पलंगावर पडू लागले. पलंगापुढे पडदा आहे, नांगरांच्या नक्षीचा. चालत्या गाडीत झोपायचं नसतं, पट्टा लावून बसायचं असतं, हे इव्होंनं एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं. गिस्लेन म्हणाली, "राहू दे रे, पोरीला रात्री झोप कुठे मिळते." मी म्हटलं, "पडदा ओढलेला असला की मला हाक मारू नका. लिझ रडली तरच." "बरं," गिस्लेन म्हणाली. तिला वाईट वाटलं असावं. मी पडद्याआड उताणी पडून छताच्या प्लॅस्टिककडे बघत राहायचे, आणि पुढून लिझचे ते बुडबुडे फुटल्यासारखे आवाज यायचे आणि त्यावर गिस्लेनची उत्तरं. दोघींचं काहीतरी चाललेलं असायचं. मी कान द्यायचे नाही.

बिनिकला त्या सकाळी भुरभुर पाऊस येऊन गेला होता. ओहोटी होती, बंदरात होड्या चिखलावर कलंडून पडल्या होत्या, रविवारी दुपारी सोफ्यावर पडलेल्या पुरुषांसारख्या. गिस्लेन लिझला बाबागाडीतून सीगल दाखवायला धक्क्यावर घेऊन गेली होती. इव्हों गाडीच्या पलीकडच्या अंगाला टाकीत पाणी भरत होता आणि शेजारच्या गाडीवाल्याला चाकाखालची कुठली पाचर किती वजन पेलते ते समजावत होता. मी उतरले. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पाव आण, फार भाजलेला नको, आणि इव्होंचं वर्तमानपत्र, असं सगळं मागे लागलं असतं. पडदा ओढलेला होता, तो ओढलेलाच राहिला. फोन उशाशी तारेला लावलेला. जाकिटाच्या खिशात चार-सहा नाणी.

बेकरीत रांग होती. मी लोण्याचा एक बन घेतला आणि तो तिथेच, फुटपाथवर, दोन्ही हातांनी खाल्ला. दोन्ही हातांनी म्हणजे काय हे सांगून कळायचं नाही. सात महिने मी एका हातानं जेवत होते. मग एका दुकानाच्या काचेत उगाच टोप्या बघितल्या. मग परत आले तर गाडी नव्हती.

गाडी होती तिथे एक कोरडी जागा होती. लांबट, चौकोनी, आजूबाजूच्या ओल्या डांबरात स्पष्ट उठून दिसणारी. मध्ये तेलाचा एक जुना डाग. मी तिच्या कडेला उभी राहिले. आत पाय टाकवेना. कुणाच्या तरी खोलीत न विचारता शिरल्यासारखं वाटलं असतं. मग डोक्यात सगळं एकदम ऐकू आलं. गॅस, बंद. फ्रिज, अडकवलाय. पायरी, आत. पिल्लू, बांधलंय. त्यांची आरती दोघांची होती. तिच्यात वस्तू होत्या, आणि आता एक नात होती. मी नव्हते. मी पडद्यामागे होते, आणि पडदा ओढलेला असला की हाक मारायची नाही. हे मीच सांगितलं होतं, पण ते त्या क्षणी मला आठवायचं नव्हतं. मला आठवत होती ती लाल मान. एवढी नळ-पाचर-पायरी मोजणारी माणसं, आणि एक सबंध बाई मागे विसरली. मी मोठ्यानं हसले. शेजारच्या गाडीतल्या म्हाताऱ्यानं वर्तमानपत्र खाली केलं. "गेले की ते," तो म्हणाला. "पँपोलला जाणार म्हणत होते. तुम्ही त्यांच्यातल्या का?" "नाही," मी म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक. तोंडातून गेलं.

फार लांब जाणार नाहीत, मी स्वतःला सांगितलं. लिझची प्यायची वेळ झाली होती. ती रडेल. तिचं रडणं मला माहीत होतं, आधी किरकिर, मग तो मध्येच श्वास अडकल्यासारखा थांबा, मग असा टाहो की इव्होंचे हात स्टिअरिंगवर घसरतील. गिस्लेन बाटली काढील. लिझ मान फिरवील. मग पडदा सरकवावाच लागेल. मला ते दृश्य दिसलं, उशी, फोन, रिकामी चादर, आणि गिस्लेनचं तोंड. सांगायचं वाक्यही तयार झालं. जी माणसं एका मोठ्या बाईला वाहनतळावर विसरतात, त्यांच्याकडे मी माझं मूल देऊ? एवढंच म्हणायचं, हळू आवाजात. तांगीसुद्धा काही बोलू शकला नसता. इतकं चांगलं कारण मला कुणी पैसे देऊनही मिळालं नसतं. मी त्या वाक्याला हातानं कुरवाळत धक्क्यावरच्या कॉफीच्या दुकानात जाऊन बसले, वाहनतळ दिसेल अशी.

दुकानाची मालकीण जाडजूड होती, कानामागे पेन्सिल. तिनं कॉफी ठेवली आणि माझ्या जाकिटाकडे पाहिलं, आणि समजून माझ्याकडे पाहिलं. ब्लाउज भिजायला लागला होता. "लहान आहे वाटतं," ती म्हणाली. "सात महिन्यांची." "आणि कुठाय?" "गाडीत. ते मला विसरून गेले." तिला वाटलं मी थट्टा करतेय, मग वाटलं करत नाहीये. तिनं ॲप्रनमधून फोन काढून टेबलावर ठेवला. "घ्या, करा. नंबर आठवतो ना?" तांगीचा नंबर मला पाठ आहे. रेनमधल्या पहिल्या वर्षापासून पाठ आहे, जिन्यावर बसून तो फिरवायचे तेव्हापासून. फोन केला असता तर त्यानं गिस्लेनला लावला असता, आणि ती दोघं पुढच्याच चौकातून वळली असती. "नको," मी म्हटलं. "येतीलच." "बघा बुवा," ती म्हणाली. फोन तिनं लगेच उचलला नाही. जरा वेळ तो माझ्या कपाशेजारी पडून होता, आणि मी त्याच्याकडे बघितलं नाही. मी कॉफी प्यायले. गरम होती. कॉफी गरम असते हे मी विसरले होते. समोर भरती चढायला लागली होती. पाणी चिखलातून कुठून कुठून वाट काढत येत होतं, आधी एक रेघ, मग दुसरी, आणि एकेक होडी अंग हलवून सरळ होत होती. कुणी माझ्याकडे काही मागत नव्हतं. माझं वजनच नव्हतं. त्या टेबलाशी मी कोणीही असू शकले असते, सुटीवर आलेली एखादी बाई, जिला मूल नाही, जी संध्याकाळच्या गाडीनं परत जाऊन उद्या सकाळी कचेरीत एका पुलाच्या खांबावर किती भार येतो ते मांडील. मला फार बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याची शिसारी आली. पण ते गेलं नाही. दोन्ही एकाच वेळी बसून राहिली, एकाच बाकावर बसलेल्या न बोलणाऱ्या दोन बायकांसारखी. छाती दगड झाली होती, काखेपर्यंत ठणकत होती. ती अजून रडत कशी नाही? एवढा वेळ? का रडतेय आणि त्यांना ऐकू येत नाही? की काही झालं? आता मी फोन मागावा म्हणून मान वर केली, तेवढ्यात ते पांढरं खोकं वळणावरून आलं.

इव्हों उतरला तो दार उघडं टाकून. त्याची मान लाल नव्हती. सगळा माणूसच राखेच्या रंगाचा झाला होता. तो माझ्यासमोर आला, त्यानं माझे दोन्ही दंड धरले, सोडले, आणि पुन्हा गाडीकडे जाऊन दार लावून आला. त्याला काय करावं ते कळत नव्हतं. "नोल्वेन," तो म्हणाला. माझं ते वाक्य जिभेवर होतं. मागून गिस्लेन उतरली, लिझ कडेवर.

"अगं, पडदा ओढलेला," ती म्हणाली. "तुझा फोन वाजला मागे, दोनदा वाजला, मी म्हटलं झोपू दे पोरीला, किती दमलीय. पँपोलला पोचलो तेव्हा हाक मारली. मला वाटलं... मला काय वाटलं ते सांगत नाही. इव्होंनं तर लाल दिवासुद्धा पाहिला नाही येताना."

"लिझ?" मी म्हटलं.

"ती ठीक आहे. ही बघ."

"प्यायली नसेल. भूक लागली असेल तिला." मी हात पुढे केले.

गिस्लेननं तिला माझ्याकडे दिलं. नजर मात्र दिली नाही. "थोडीशी घेतली तिनं," ती म्हणाली. "अगदी नावाला. आधी खूप रडली, हां. खूप. तुला शोधत होती सारखी."

"रडली कुठे?" इव्हों म्हणाला. बिचाऱ्याला मला दिलासा द्यायचा होता. "अजिबात नाही. गाणं म्हणत होती गाणं. सबंध बाटली संपवली, तळापर्यंत, आणि एवढी मोठी ढेकर दिली. तू काळजी करू नकोस, पोरी, तिला काही कळलंसुद्धा नाही."

गिस्लेननं त्याच्याकडे पाहिलं. लग्नाला एवढी वर्षं झालेली बाई नवऱ्याकडे तसं पाहते तेव्हा नवऱ्याला कळतं की आपण काहीतरी मोडलंय, पण काय ते कळत नाही. गिस्लेन खोटं बोलली होती. शाळेच्या स्वयंपाकघरात वाढप केलेली ही बाई, जिला बिस्किटाच्या डब्यांवरचं चित्र सुंदर वाटतं, तिनं वाटेत परत येताना कधीतरी ते ठरवलं असणार, की आधी खूप रडली असं सांगायचं. इतके दिवस रोज सकाळी ती हात धुऊन बसत होती आणि रोज हरत होती, आणि आज जिंकली होती, आणि ते लपवत होती. मला तिचा तिरस्कार करायचा होता. मी शोधला, हाताला लागेना. लागला तो भलत्याच कुणाचा तरी, आणि तो मला ठेवायला जागा सापडेना. लिझ माझ्याकडे बघून हसली. ओठांच्या कोपऱ्यात दूध वाळलं होतं. मी तिला तिथेच, धक्क्याच्या कठड्याला टेकून, पाजायला घेतलं. तिनं तोंडात धरलं, एकदा ओढलं, सोडलं, आणि मान वळवून होड्यांकडे बघू लागली. तिचं पोट भरलं होतं.

मी तिला परत गिस्लेनच्या कडेवर दिलं आणि गाडीत चढले. मोरीची खोली कपाटाएवढी आहे. दार लावलं की कोपर हलवायला जागा उरत नाही. मी जाकीट काढलं, ब्लाउज काढला आणि प्लॅस्टिकच्या त्या बसक्या बेसिनवर ओणवून दूध पिळू लागले. आधी येईना. मग आलं, बारीक चिळकांड्या, वेड्यावाकड्या, साबणाच्या वडीवर, नळावर. खाली कुठेतरी टाकी होती, भांडी धुतलेलं, तोंड धुतलेलं पाणी जिच्यात साठतं ती. संध्याकाळी इव्हों ती कुठल्याशा जाळीवर नेऊन सोडणार होता. ठणका हळूहळू उतरत गेला. बाहेर पावलं वाजली आणि दारापाशी थांबली. लिझचा आवाज येत होता, ते बुडबुडे.

"गिस्लेन," मी दारातून म्हटलं.

"काय गं?"

"एक तारखेला सोमवार आहे. तुम्ही सकाळी लवकर या. मला आठला निघावं लागतं."

बाहेर लिझला दुसऱ्या कडेवर घेतल्याची सळसळ झाली. मग, "बरं."

"आणि बाटली देताना तिला आडवी नका धरू. डोकं जरा उंच हवं. नाहीतर कानात जातं."

"माहीत आहे," गिस्लेन म्हणाली, अगदी हळू, जणू दाराच्या फळीलाच सांगत होती. "मघाशी तसंच धरलं होतं."